परदेशातल्या आत्मकथनात लेखक न बोलता काय सांगतो, हे कसं ओळखायचं?

तुमचे प्रश्न दोन आहेत: परदेशी वास्तव्यावरच्या आत्मकथनातला सूचित अर्थ खरंच तिथे आहे की आपणच तो चिकटवतोय, हे कसं ठरवायचं? आणि स्वतः लिहिताना तो कसा आणायचा?

एक रचलेलं उदाहरण घेऊ. आई फोनवर विचारते, “मित्र झाले का?” उत्तर येतं, “इथली बस अगदी वेळेवर येते.” समोरचा मुद्द्याला धरून बोलेल हे आपण गृहीत धरतो. तो तसं बोलत नाही, तेव्हा कारण शोधतो आणि एकटेपणापाशी पोचतो. भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ साली छापलेल्या निबंधात हेच तत्त्व मांडलं. (काव्यात न बोललेला अर्थ कसा सुचतो हे सांगणारा, संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाचा ध्वनिविचार नवव्या शतकातला, पण तपासायला ग्राइसची रीत सोपी पडते.)

तपासायचं असं: पुढे “तसे मित्रही बरेच झालेत” हे वाक्य जोडा. विसंगती न येता एकटेपणाचा अर्थ पुसला गेला, म्हणजे तो सूचित होता. “मी पत्रं लिहिणं थांबवलं” याचं मात्र वेगळं. “थांबवलं नाही” म्हटलं तरी आधी पत्रं जात होती हे उरतंच. ते गृहीतक आहे.

मराठीत क्रियापदंही पुष्कळ बोलतात. “दर शनिवारी फोन करायचो” यात तो क्रम पुढे तुटल्याची चाहूल असते. “सुट्टीत घरी गेलो” आणि “सुट्टी संपवून घरी आलो” ही वाक्यं एकाच प्रकरणात आली, तर घर कधी बदललं ते शोधा. त्या वेळचा ‘मी’ आणि लिहिणारा ‘मी’ वेगळे धरा. पहिल्याला न कळलेलं दुसरा सुचवत असतो.

लिहिताना बहुतेकदा फसतं ते एकाच ठिकाणी: तिथली रीत वाचकाला माहीतच नसते. “शेजाऱ्याने दार उघडून आत बोलावलं” यात विशेष काय, हे कळायला तिथे दारातच बोलून निरोप घेतात हे दोन-तीन पानं आधी, सहज, येऊन गेलेलं हवं. त्याच परिच्छेदात सांगितलंत तर ते स्पष्टीकरण होतं. आणि प्रसंगानंतर “तेव्हा मला खूप परकं वाटलं” असं वाक्य आलं असेल तर खोडा. ते खोडल्यावर प्रसंग निर्जीव वाटला, तर कमी पडतोय तो आधीचा तपशील. भावनेचं वाक्य परत आणू नका.