गेममधली जमीन आणि सोसायटीतला जामीन

एका वाचकाचं पत्र: "मी बेळगावच्या वडगावात राहतो, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे. हातात 36 हजार येतात. 2021च्या डिसेंबरात एका ब्लॉकचेन गेममध्ये, म्हणजे जिथली जमीन आणि नाणी खऱ्या पैशांनी घेता-विकता येतात अशा ऑनलाइन खेळात, 1 लाख 80 हजारांचे सहा प्लॉट घेतले. गेल्या वर्षभरात भाड्याची जी नाणी मिळाली ती विकली तर 1,100 रुपये येतील. आता एआय एजंट आलेत. ते प्लॉटवर रात्रंदिवस घरं-दुकानं बांधतात आणि भाड्यानं लावतात. वर्षाची फी 42 हजार, सवलत रविवारी रात्रीपर्यंत. क्रेडिट सोसायटी मला कर्ज देत नाही, कारण मित्राच्या 8 लाखांच्या कर्जाला मी जामीन आहे. गेम त्यानंच दाखवला, त्याचे पैसेही त्यातच आहेत. दोन हप्ते थकलेत, पण एजंट सुरू झाले की तो सगळं भरणार आहे. तर रोजची दोनशेची, सात महिने भरलेली पिग्मी मोडून एजंट घेऊ का?"

नको. भाडं दसपट झालं तरी 11 हजार होतं आणि फी आहे 42 हजार. यापुढे गणित लागत नाही.

तरी आशा सुटत नसेल तर थोडं सांगतो. खडे बाजारातल्या गाळ्याला भाडं भिंतींमुळे मिळत नाही. चंदगड-खानापूरहून लग्नाचा बस्ता बांधायला माणसं येतात, म्हणून मिळतं. तुमच्या गेममध्ये कमी आहे ती माणसांची, इमारतींची नव्हे. एजंट तुमच्याकडे येईल तसा शेजारच्या प्लॉटवाल्याकडेही येईल. बांधकाम स्वस्त झालं की रिकामी दुकानं वाढतात, गिऱ्हाईक नाही. तुम्ही खरेदी केलीत ती वेळही बघा. ऑक्टोबर 2021मध्ये फेसबुकनं आपलं नाव मेटा केलं आणि अशा जमिनींची झुंबड उडाली. डिसेंट्रालँड या नावाजलेल्या गेममध्ये जेमतेम 90 हजार प्लॉट, म्हणून 'जमीन मर्यादित आहे' असं तेव्हा सगळे सांगत होते. त्याचं नाणं त्या नोव्हेंबरात पाच डॉलरच्या वर गेलं. नंतर ते एका डॉलरच्याही बरंच खाली आलं. जमीन तेवढीच राहिली, घेणारे गेले.

करही ऐका. अशी नाणी विकून नफा झाला तर सरळ 30 टक्के, वर सेस. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, म्हणजे एजंटाची फी गेली ती गेलीच. तोटा दुसऱ्या कशातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षावरही नेता येत नाही. शिवाय एजंटानं व्यवहार करायचे तर त्याला तुमच्या डिजिटल पाकिटातून सही करायचा अधिकार द्यावा लागतो. घराची किल्ली गवंड्याकडे देऊन गावाला जाण्यातलाच हा प्रकार.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं. मला झोप लागू देत नाही ते तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य, जामिनाचं, जे तुम्ही कारण म्हणून ओझरतं लिहिलंत.

तुम्ही त्या गेममध्ये 1 लाख 80 हजार घातलेत असं समजता. तुमचे त्यात 9 लाख 80 हजार आहेत. मित्राचे 8 लाख बुडाले तर ते तुम्ही भरायचे, आणि त्याचे प्लॉट वर गेले तर नफा त्याचा. इतका वाईट सौदा एखाद्या विमा एजंटानंही मला आजवर दाखवलेला नाही.

जामीन म्हणजे ओळखीची सही, असं आपल्याकडे अजून मानतात. करार कायदा 1872चा आहे आणि त्याच्या 128व्या कलमात स्पष्ट आहे: कर्जदाराची जबाबदारी जेवढी, तेवढीच जामीनदाराची. आधी त्याच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असं साधारणपणे म्हणता येत नाही. जामीन दोघे असले तर चार-चार लाख अशी वाटणीही सोसायटीवर बंधनकारक नसते. ज्याचा पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला होतो, त्याचं दार आधी वाजतं. 8 लाख, पाच वर्षं, 14 टक्के धरा. हप्ता साधारण 18,600. तुमच्या पगारातला निम्म्याहून जास्त.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे निपाणीचे एक गृहस्थ आले होते. मेहुण्याला जामीन राहिले होते. फॉर्म कन्नडमध्ये, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुली मारलेली. त्यांनी अकरा फुल्यांवर सह्या केल्या होत्या, आणि त्यातल्या एका कागदावर पगारातून कपातीची संमती होती. भाषेवरून भांडायला आपल्याकडे माणसांची वाण नाही. तो कागद कुणाकडून वाचून घ्यायला मात्र त्यांना दहा मिनिटं मिळाली नव्हती. तुम्ही काय काय सही केलंय, आठवतं का?

आता काय करायचं. सोसायटीत जा, कर्जखात्याचा उतारा आणि तुम्ही सह्या केलेल्या कागदांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा, अर्जावर पोच घ्या. दोनच हप्ते थकलेत का, ते मित्राच्या तोंडून नको, उताऱ्यावरून बघा. चालू कर्जातून जामीन एकतर्फी काढता येत नाही. पण मित्राकडे घर, सोनं, गाडी काही असेल तर ते तारण घेऊन तुम्हाला मोकळं करा, असं सोसायटीला मित्रासह लेखी सुचवता येतं. मानतीलच असं नाही. कर्ज नव्याजुन्याला आलं, म्हणजे जुनं मिटवून नव्यानं करायला आलं, तर मात्र कुठल्याही फुलीवर सही करायची नाही, मग तो रात्री घरी येऊन रडला तरी. तुम्हाला एखादा हप्ता भरावाच लागला तर तुमच्या खात्यातून, पावती घेऊन भरा. भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कायदा देतो, आणि तो हक्क पावतीवर उभा राहतो.

पिग्मी मोडू नका. सात महिने झालेत. वर्षाच्या आत मोडली तर अनेक ठिकाणी व्याज नाहीच, वर कमिशन कापतात. मात्र ती त्याच सोसायटीत असेल तर थकबाकी वाढल्यावर ती आधी तिकडेच वळती होऊ शकते. पाच महिन्यांनी मुदत भरली की रक्कम उचलून राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा आणि पुढची पिग्मी दुसरीकडे सुरू करा.

सहा प्लॉट विकले जात असतील तर येईल त्या किमतीला विका. येतील ते पंधरा-वीस हजार, पण जवळजवळ एका हप्त्याची सोय होईल.

एजंटवाल्यांची सवलत रविवारी रात्री संपते म्हणता. सोसायटी शनिवारी दुपारी बंद होते, तेव्हा अर्ज शुक्रवारीच लिहून ठेवा.