पोलोसाठी एअर सस्पेन्शन की कॉइलओव्हर? आधी हप्त्याचा हिशोब

प्रश्न: वय २९, पुणे. पगार हातात ७२,००० रुपये. घरभाडं आणि कारचा १३,५०० चा हप्ता धरून खर्च ४५,०००. एसआयपी १०,०००. बँकेत १ लाख ४० हजार. रोज ऑफिसला नेतो ती पोलो खाली बसवायची, म्हणजे तिची उंची कमी करायची आहे. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) फिटिंगसह ९५,०००, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅगा) २ लाख ६० हजार. एअरसाठी पर्सनल लोन घेऊ का?

उत्तर: नको. २.६ लाख रुपये १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ८,९०० आणि व्याजच ६०,००० च्या आसपास. आज महिन्याला १७,००० उरतात, ते निम्म्यावर येतील. गाडी विकताना हे पैसे वसूल होत नाहीत. सेकंडहँड घेणारा असं काम बघून उलट भाव पाडतो.

एअरचा एक फायदा मात्र खरा आहे: स्पीडब्रेकर किंवा पार्किंगचा उतार आला की बटण दाबून गाडी उचलता येते. कॉइलओव्हर एकदा लावला की त्याच उंचीवर राहतो, रोज उंची बदलणारी कॉलर (रिंग) फिरवत कोणी बसत नाही. पण एअरमध्ये बिघडायला जागा जास्त. चार बॅगा, कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह, रिले आणि नळ्यांचे डझनभर जोड. नळी कटरऐवजी ब्लेडने तिरकी कापली की जोडातून हवा झिरपते. रात्री नीट लावलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली सापडते, कॉम्प्रेसर सारखा चालू होतो, तापतो आणि शेवटी जळतो. जोडावर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात, तेवढं घरीही तपासता येतं. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं, ते सोडावं लागतं. डिकीतली जागा जाते ती वेगळीच. रोजच्या गाडीला दुरुस्तीसाठी दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवणं म्हणजे रिक्षा-कॅबचाही खर्च.

कॉइलओव्हरची दुखणी साधी: चिखलाने कॉलर जाम होते, टॉप माउंट (वरचा टोकाचा जोड) खडखडतो. पोलोला मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम) असल्याने तिथे स्प्रिंग आणि शॉक वेगळेच बसतात. किटमध्ये मागची उंची कशी बदलते ते विचारून घ्या. गाडी मूळ उंचीपेक्षा २५ मिमीहून जास्त खाली नेऊ नका. किट बसवल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा, स्प्रिंग दबून स्थिरावल्यावर पुन्हा एकदा. ती टाळली की टायरची आतली कड झिजते आणि ९५,००० च्या कामात नव्या टायरचं बिल येतं.

त्याआधी दोन चौकश्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारावर बंधन घालतं, आणि परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘सगळेच करतात’ हे गॅरेजवाल्याचं म्हणणं ऐकू नका, आरटीओत विचारा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो.

दोन्हीकडून हिरवा कंदील मिळाला तरी क्रम असा: आधी अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, त्याला २ लाख ७० हजार लागतात, तुमच्याकडे १ लाख ३० हजार कमी आहेत. उरणारे १७,००० आठ महिने तिकडे टाका. पुढचे सहा महिने तेच पैसे आरडीत, म्हणजे कॉइलओव्हर रोखीने येईल. एसआयपीला हात लावू नका. काढलेले मूळ स्ट्रट, शॉक आणि स्प्रिंग भंगारात देऊ नका; गाडी विकताना तेच परत बसवायचे आहेत, आणि किट वेगळं विकलं तर थोडे पैसे सुटतील.