वेगाने वाढणाऱ्या भारतात शहरांनी हवामान बदल रोखण्यासाठी सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की, भारतासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या देशात शहरांची वाढ थांबवता येणार नाही, तर मग हवामान बदलाच्या बाबतीत महापालिकांच्या हातात खरोखर काही आहे का, आणि असेल तर त्यांनी आधी काय करावे. माझ्या मते हातात बरेच काही आहे आणि सुरुवात ओल्या कचऱ्यापासून करावी. मेट्रो, विजेवर चालणाऱ्या बस आणि छतांवरील सौरऊर्जा यांचे महत्त्व मी कमी मानत नाही, परंतु ओल्या कचऱ्याचे काम पूर्णपणे शहराच्या अखत्यारीतले आहे आणि त्याचा परिणाम लवकर दिसू शकतो.

मुंबईचे उदाहरण घेऊ. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे शहर जितके हरितगृह वायू हवेत सोडेल तितकेच शोषले जातील असे, उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी २०१९ या वर्षाचे जे उत्सर्जन मोजले गेले, त्यातील ७० टक्क्यांहून अधिक वाटा इमारती आणि उद्योगांच्या ऊर्जावापराचा, मुख्यतः विजेचा होता. ही वीज कोळशापासून तयार व्हावी की सूर्यप्रकाशापासून, हे महापालिका एकटी ठरवू शकत नाही. कचऱ्याचा वाटा १० टक्क्यांच्या आत असला, तरी १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हा विषय स्पष्टपणे नागरी संस्थांचा म्हणून नोंदवलेला आहे. येथे दुसऱ्याकडे बोट दाखवण्यास जागा उरत नाही.

आता ओल्या कचऱ्याचा आणि हवामानाचा संबंध पाहू. भाजीची देठे, शिळे अन्न आणि फळांच्या साली कचरा डेपोत थरांवर थर रचून दाबल्या गेल्या की आत हवा पोहोचत नाही आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू त्यांचे विघटन करू लागतात. त्यातून जो वायू निघतो, त्यात सुमारे निम्मा मिथेन असतो. मिथेन वातावरणात साधारण १२ वर्षे टिकतो, पण २० वर्षांच्या कालावधीत तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. म्हणूनच आज मिथेन रोखला तर त्याचा लाभ आपल्याच हयातीत मिळू शकतो. हाच वायू डेपोंमधील आगींनाही पोसतो. मुंबईत १९२७ पासून कचरा टाकला जात असलेल्या देवनार येथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसत होता, आणि तो धूर सर्वांत आधी श्वासात घेतला तो डेपोला लागून असलेल्या गोवंडी-शिवाजीनगरच्या वस्त्यांनी. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत टाकला गेला. तेथील विहिरींचे पाणी खराब झाले आणि गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या पुन्हा पुन्हा अडवाव्या लागल्या. शहराची वाढ म्हणजे शेजारच्या गावावर टाकलेला भार, हे समीकरण आता तरी मोडलेच पाहिजे.

पुण्याने या बाबतीत देशाला दाखवलेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो. १९९३ मध्ये येथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था जन्माला आली. २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या वेचकांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत. ओल्या-सुक्याचे वर्गीकरण म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या हातांकडे पाहिल्यावर कळते. रद्दी, पुठ्ठा, पत्रा, काच आणि दुधाच्या पिशव्या यांचे वेगवेगळे ढीग होतात. पाण्याच्या बाटलीचे झाकण निराळ्या प्लास्टिकचे असल्यामुळे ते काढून बाजूला ठेवले जाते. पुठ्ठ्याला आमटीभाताचा लगदा लागलेला असेल, तर भंगारवाला त्याचा भाव पाडतो किंवा तो घेतच नाही. म्हणजे आपण घरात दोन डबे ठेवले नाहीत, तर तो कचरा वेचणाऱ्या ताईंच्या त्या दिवसाच्या कमाईला आपण कात्री लावलेली असते. वापरलेली सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करून द्यावीत, ही त्यांची मागणी इतकी साधी आहे की ती अजूनही घराघरांत पाळली जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

वर्गीकरण झाले नाही, तर पुढची सारी यंत्रसामग्री निष्फळ ठरते. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज तयार करण्याचा प्रकल्प उभारला गेला, परंतु आपल्याकडील ओलसर कचऱ्याचे उष्मांक मूल्य, म्हणजे तो जाळल्यावर मिळणारी उष्णता, अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाल्याने तो टिकला नाही. बायोगॅस प्रकल्पांचीही तीच कथा आहे: प्लास्टिक आणि वाळू मिसळलेला कचरा आला की पंप आणि नळ तुंबतात आणि संयंत्र बंद राहते. याउलट इंदूरने आधी काही वर्षे घराघरांतून वेगळा कचरा घेण्याची घडी बसवली आणि मगच फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओला कचरा पचवून त्यापासून वाहनांसाठी इंधनवायू तयार करणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू केला. या क्रमालाच मी सर्वाधिक महत्त्व देतो. निधी मिळताच आधी यंत्र विकत घेण्याची आपल्या नगर प्रशासनांची सवय मला घातक वाटते.

वाढत्या शहरांत नव्या गृहसंकुलांची जबाबदारी विशेष मोठी आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांवर ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्याचे बंधन घातले. अनेक ठिकाणी भोगवटा प्रमाणपत्रापुरते, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची परवानगी मिळेपर्यंतच, खतांचे हौद बांधले जातात आणि पुढे त्यांत जुने फर्निचर साठते. आमच्या सोसायटीत हौद चालू आहे, त्याचे श्रेय कोणत्याही महागड्या यंत्राला नाही: आवारातील पालापाचोळा जाळण्याऐवजी पोत्यांत साठवला जातो, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तो पसरला जातो, आणि ठरावीक दिवसांनी ढीग खालीवर केला जातो. दुर्गंधी येऊ लागली तर बहुधा ओल जास्त आणि हवा कमी झालेली असते. कोरडा पाला वाढवला की दोन-तीन दिवसांत ती जाते. पुणे महापालिका गांडूळखत, पर्जन्यजलसंचय किंवा सौरऊर्जा यांसाठी मिळकतकरात सवलत देते; ती दरवर्षी हौद प्रत्यक्ष तपासूनच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या शहराबद्दल पडताळून पाहायचे असेल, तर महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करून तीन गोष्टी मागा: डेपोच्या वजनकाट्यावर रोज किती टन मिश्र कचरा नोंदला जातो, ओल्या कचऱ्याचे प्रकल्प महिन्यातून किती दिवस पूर्ण क्षमतेने चालतात, आणि कचरावेचकांना ओळखपत्र, हातमोजे व विमा मिळतो का. पहिला आकडा दरवर्षी घटत असेल, तरच त्या शहराच्या हवामान आराखड्यावर मी विश्वास ठेवीन.