एअरशिपचं वेड आणि ब्रँचची निवड

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला एअरशिपमध्येच काम करायचंय. रिजिड, सेमी-रिजिड, नॉन-रिजिड असं काहीबाही सांगत असते. यात नोकरी आहे का, आणि ब्रँच कोणती घ्यावी? – एक पालक, नाशिक रोड

उत्तर : ताई, एअरशिप म्हणजे हेलियमसारख्या हलक्या गॅसवर तरंगणारं, इंजिनवर चालणारं हवाई जहाज. मुलीला एकच विचारा : त्यातला गॅस काढून घेतला तर काय उरतं? सगळा सांगाडा उभा राहिला तर रिजिड. नुसता कणा राहिला तर सेमी-रिजिड. कापडाचा ढीग झाला तर नॉन-रिजिड, म्हणजेच ब्लिंप. झेपेलिन हे खरं तर कंपनीचं नाव. तिचं 1937 मध्ये जळालेलं 245 मीटरचं हिंडेनबर्ग रिजिड होतं, पण आजचं 75 मीटरचं झेपेलिन एनटी सेमी-रिजिड आहे. मुलाखतीत हमखास गोंधळ होतो तो इथेच.

रिजिडमध्ये गॅस सांगाड्याच्या आत वेगवेगळ्या पिशव्यांत असतो, त्यामुळे एखादी फाटली तरी आकार बिघडत नाही. सेमी-रिजिडमध्ये इंजिन आणि गोंडोलाचं (खाली लटकणाऱ्या केबिनचं) वजन कणा पेलतो, आवरण मात्र दाबानेच ताठ राहतं. ब्लिंपचा सगळा भार त्या दाबावर, आणि तो जेमतेम पाचेक सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. तो टिकवतात बॅलोनेट, म्हणजे आवरणाच्या आतल्या हवेच्या पिशव्या. वर जाताना हेलियम फुगतो, तशी त्यांतली हवा बाहेर सोडतात. उतरताना पुन्हा भरतात. भरायला उशीर झाला की नाक आत दबतं.

आता वहीत करायचं एक गणित. नाशिकच्या उंचीवर, 30 अंश तापमानात, 1 घनमीटर हेलियम साधारण 940 ग्रॅम उचलतो. 3 मीटर लांब, 1 मीटर व्यासाचं लंबगोल मॉडेल घ्या : दीड घनमीटरच्या थोडं वर आकारमान, उचल सुमारे 1.5 किलो. आवरणाला पावणेआठ चौरस मीटर कापड लागतं. ते चौरस मीटरला 200 ग्रॅमचं असेल तर कापडातच 1.5 किलो संपले, मॉडेल जमिनीवरच! 100 ग्रॅमचं घेतलं तर मोटर-बॅटरीला 700 ग्रॅम उरतात. लांबी-व्यास दुप्पट केला की कापड चौपट, उचल आठपट. रिजिड अवाढव्यच का असतात, तेही यातच आलं. एवढासा फुगा सांगाड्याचं ओझं कुठून उचलणार?

म्हणून ब्रँचकडे या नजरेने बघा. परदेशात रिजिड पुन्हा बनतंय, अमेरिकेतलं पाथफाइंडर 1 हे 124 मीटरचं, कार्बन फायबरच्या नळ्या आणि टायटॅनियमच्या जोडांचं. आपल्याकडचं काम मुख्यतः कापडी आवरणाचं. डीआरडीओची आग्र्याची एडीआरडीई ही प्रयोगशाळा एरोस्टॅट, म्हणजे दोराने बांधलेले मोठे फुगे बनवते, आणि मे 2025 मध्ये तिच्या स्ट्रॅटोस्फिअरिक (खूप उंचावर राहणाऱ्या) एअरशिपची चाचणी मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून सुमारे 17 किलोमीटर उंचीपर्यंत झाली. अशा आवरणात गॅस झिरपतो, उन्हाने कापड कमजोर होतं, जोड सुटतात. या अडचणी टेक्स्टाइल आणि पॉलिमरवाल्यांच्या. घरात ‘टेक्स्टाइल कशाला?’ असा सूर निघाला तर हे आठवा. त्यासाठी मुंबईचं व्हीजेटीआय किंवा इचलकरंजीचं डीकेटीई ही कॉलेजं पाहून ठेवा.

एरोस्पेसच हवं असेल तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड देऊन आयआयटी मुंबई. तिथे हवेपेक्षा हलक्या वाहनांवर बरीच वर्षं काम चालू आहे. नाही जमलं तर सीईटीतून नाशिकमध्येच मेकॅनिकल, मग एम.टेक.साठी गेट परीक्षा. फक्त ‘एअरशिप कोर्स’च्या नावाखाली कुणी मोठी फी मागितली तर भरू नका. मेकॅनिकल केलं तर एअरशिप नाही मिळालं तरी ओझरचा एचएएलचा विमान कारखाना आहेच.