लग्नापर्यंत पंधरा किलो: काय होईल आणि काय होणार नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय 41, उंची 5 फूट 6 इंच, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात बैठे काम, सुरुवातीचे वजन 86 किलो. पहिल्या दोन आठवड्यांत तीन किलो उतरले आणि त्यानंतर महिनाभर काटा 83 वरच अडला आहे. तुळशीच्या लग्नानंतर धाकट्या भावाचे लग्न आहे. तोवर, म्हणजे साधारण तीन महिन्यांत, आणखी 15 किलो उतरवून अंगही कमवायचे आहे. एका जिमने नेमक्या तेवढ्या किलोंची हमी देऊन पॅकेजचे पैसे एकरकमी मागितले आहेत. आपले कुठे चुकते आहे, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून व्यायामात फारसे काही चुकलेले दिसत नाही. वजन आणि ताकद या दोन्ही गोष्टी एकाच मुदतीत आणि एकाच काट्यावर दिसतील, असे तुम्ही धरून चालला आहात, अडचण तिथे आहे.

प्रथम पंधरा किलोंचा हिशेब. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. पंधरा किलो चरबी नव्वद दिवसांत घालवायची तर रोज सुमारे 1300 कॅलरींची तूट हवी. तुमच्या वयाच्या, उंचीच्या आणि बैठे काम करणाऱ्या पुरुषाचा दिवसाचा एकूण खर्चच साधारण 2200 ते 2300 कॅलरींचा असतो. म्हणजे खायला उरतात जेमतेम हजार. इतक्यावर आठ तासांची ड्युटी करून कोणी तीन महिने काढू शकत नाही, आणि काढलेच तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तुम्हाला तर ते वाढवायचे आहेत. रोज पाचशे कॅलरींची तूट मात्र माणसाला झेपते. तिच्या हिशेबाने तीन महिन्यांत कागदावर सहा किलो येतात, आणि सणवार, पाहुणे, पावसात बुडालेले दिवस धरले तर चार ते पाच. वैद्यकीय सल्ल्यातही आठवड्याला अर्धा ते एक किलो हीच मर्यादा सांगितली जाते, आणि चाळिशीतल्या माणसाने त्यातली खालची बाजू धरलेली बरी.

चार-पाच किलो ऐकून तुमचा विरस झाला असेल. परंतु मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांत सुधारणा दिसू लागते. तुमच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे सव्वाचार किलो, आणि त्यातला काही भाग तुम्ही आधीच मिळवला आहे.

आता ते पहिले तीन किलो. खाणे कमी करताच शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरते. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, तेही निघून जाते. लोणचे, पापड आणि फरसाण कमी केले की मिठामुळे धरलेले पाणीही उतरते. म्हणून त्या तीन किलोंत पाण्याचा वाटा मोठा होता, आणि तोच वेग पुढे राहील असे मानणे हा पंधरा किलोंच्या स्वप्नाचा उगम आहे. पुढच्या महिन्यात चरबी हळूहळू कमी झालीही असेल, पण नव्याने सुरू केलेल्या बैठकांमुळे ठणकणारे स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात आणि काट्यावर ती घट झाकली जाते. शिवाय पाऊस लागल्यापासून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरील चालणे आठवड्यातून दोनच दिवस होते, हे तुम्हीच लिहिले आहे. या दोन्हींपैकी कशाचा भाग किती, हे काटा सांगू शकत नाही, मापपट्टी सांगते. दर पंधरा दिवसांनी सकाळी रिकाम्या पोटी, श्वास सहज सोडून, बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानतात, तेव्हा वजनाच्या आकड्यापेक्षा या रेषेकडे सरकणे महत्त्वाचे आहे. ढोबळमानाने एक किलो वजन उतरले की घेर एक सेंटीमीटरने कमी होतो. म्हणून लग्नाच्या कपड्यांचे माप आत्ताच देऊ नका, ऑक्टोबर संपता संपता द्या. वजन रोज करायचेच असेल तर आठवड्याची सरासरी काढा, कारण एका जेवणावळीनंतर काटा दीड किलो वर दाखवतो आणि दोन दिवसांत पुन्हा खाली येतो. सरासरी आणि घेर हे दोन्ही तीन-चार आठवडे जागचे हलले नाहीत, तरच आहारात बदल करा.

ताकदीची चाल अगदी वेगळी असते आणि तिच्याविषयी आपल्या भागात गैरसमज अधिक आहेत. येळ्ळूर, कंग्राळी, कडोली यांसारख्या गावांत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ताकद म्हटले की तालीम येते, आनंदवाडीच्या आखाड्यातील कुस्त्या येतात, शेकडो जोर आणि हजार बैठका मारणारे पैलवान येतात. त्या आकड्यांमागे बारा-चौदाव्या वर्षापासूनची वस्तादांची देखरेख, दुपारची झोप, दूध-तुपाची खुराक आणि दुसरे कोणतेही काम नसलेला दिवस असतो. कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, पहाटे सैन्यभरतीसाठी धावणारी पोरेही अठरा-वीस वर्षांची असतात. एक्केचाळिसाव्या वर्षी, शिफ्ट संपवून आलेल्या माणसाने त्यांच्याशी बरोबरी धरली तर पहिल्याच पंधरवड्यात गुडघा किंवा खांदा धरतो, कारण स्नायूंपेक्षा स्नायुबंध फार सावकाश बळकट होतात. (कुस्ती सोडली पण खुराक सोडली नाही, अशा माजी पैलवानांची पोटे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत, ताकदीचे खाणे ताकदीच्या कामाशिवाय पचत नाही.)

तुम्ही काय अपेक्षा ठेवावी ते सांगतो. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण दंड जाड होत नाहीत. या काळात मेंदू आणि मज्जासंस्था असलेल्याच स्नायूंकडून अधिक काम करून घ्यायला शिकत असतात. आज टेबलावर हात टेकून दहा जोर होत असतील तर दोन महिन्यांत जमिनीवर दहा होतील. खुर्चीला टेकत उठबस होत असेल तर आधाराशिवाय वीस बैठका होतील. आरशात मात्र फरक जवळजवळ दिसणार नाही, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जण जिम सोडतात. स्नायूंचे प्रत्यक्ष वजन वाढायला महिने लागतात. भरपूर खाणाऱ्या, नियमित व्यायाम करणाऱ्या तरुण नवशिक्यालाही महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू म्हणजे उत्तम प्रगती झाली. तुम्ही कमी खाऊन वजन उतरवत असताना तेवढे होणार नाही. तुमचे या तीन महिन्यांचे यश म्हणजे चरबी जाताना स्नायू न जाणे आणि उचलण्याची क्षमता वाढणे. तिशीनंतर व्यायाम नसेल तर स्नायू दर दशकात तीन ते आठ टक्क्यांनी घटत जातात, हे लक्षात घेतले तर असलेले राखणे ही लहान गोष्ट वाटणार नाही. आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका, वजन ओढण्याचा एखादा व्यायाम आणि पाठीचा एखादा प्रकार पुरे. दर आठवड्याला संख्या किंवा भार थोडासा वाढवायचा, आणि जी संख्या झाली ती वहीत लिहायची. पावसात चालणे बुडाले तरी हे घरात होते. बैठका घालून पत्नीला 'पुरुषी अंग' येईल ही तुमची शंकाही सोडून द्या. स्त्रियांत स्नायू त्याहून कितीतरी सावकाश वाढतात.

आहाराबाबत दोनच गोष्टी. जोंधळ्याची भाकरी खाल्ली की वजन उतरते, हा समज अर्धाच खरा आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 340 कॅलरी असतात आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तितक्याच; भाकरीला तेल लागत नाही आणि ती पोटात टिकते, हाच तिचा फायदा. चार भाकऱ्या चारच असतात. त्याउलट कारखान्यातील चहाकडे कोणाचे लक्ष नसते: दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे नुसत्या साखरेच्याच 200 कॅलरी, आणि तासभर चालून तुम्ही जेमतेम तेवढ्याच जाळता. प्रथिने मात्र वाढवा. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे 1.2 ते 1.6 ग्रॅम लागतात. तुम्ही 70 किलो हे लक्ष्य धरून दिवसाला 85 ते 100 ग्रॅमचा बेत करा. एका अंड्यात 6, पेलाभर दुधात 6 ते 7, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत 25 ग्रॅम, शिवाय वाटीभर उसळ, दही आणि आठवड्यातून दोनदा चिकन. कुंदा, ही आपल्याकडची दुधाची मिठाई, सणाला खा, त्याचा अपराध वाटून घेऊ नका, पण शंभर ग्रॅमला साडेतीनशे-चारशे कॅलरी हे ठाऊक असू द्या. गावच्या यात्रेच्या किंवा गणपतीच्या आठवड्यात वजन उतरवण्याचा हट्ट धरू नये. ते वाढले नाही म्हणजे झाले.

राहिला जिमचा प्रश्न. किती किलो उतरतील हे तुमचे खाणे, झोप आणि शिफ्ट यांवर ठरते, त्यामुळे आकड्याची हमी देणारा एक तर उपाशी ठेवणार, नाही तर पाणी उतरवून दाखवणार. भिंतीवरचे स्पर्धकांचे फोटोही स्पर्धेच्या दिवसाचे असतात. आठवड्याने तीच माणसे तशी दिसत नाहीत. पॅकेजसोबतची पावडर दुधातील प्रथिनांची असेल तर ती सोय आहे, औषध नव्हे. 'चरबी जाळणारी' असेल तर परत करा. पैसे महिन्याच्या हिशेबाने द्या, आणि जिथे पहिल्या दिवशी गुडघे, पाठ, रक्तदाब यांची चौकशी होते ती जिम निवडा. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता असे लिहिले आहे, म्हणून खाणे आणखी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. वजन उतरू लागले की गोळीचे प्रमाण बदलावे लागू शकते आणि उठताना चक्कर येऊ लागली तर तेच कारण असण्याची शक्यता असते.