दुधाचा हिशोब मुलीकडे द्या

(उत्तरं देत आहेत सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून ३३ वर्षं शिकवलेल्या एक निवृत्त शिक्षिका.)

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. शाळेतून आली की रोज एक तास मी तिला अभ्यासाला बसवते. वर्कशीट, पाढे, शुद्धलेखन. त्या तासात दोघींचाही आवाज चढतो, ती रडते आणि रात्री मला झोप लागत नाही. अक्षरांचे, अंकांचे महागडे संच आणले, ते दोन दिवस चालले. घरी नेमकं काय करून घ्यावं?
— एक आई, चिंचवड

ताई, तो तास आधी बंद करा. मुलगी दिवसभर शाळेत बसून येते, तिला घरी दुसरी शाळा नको असते. तिला आई हवी असते. अभ्यास मागे पडेल ही भीती मी समजू शकते. पण घरात जे शिकता येतं ते शाळेत मला कधीच शिकवता आलं नाही, आणि तुम्ही तेच सोडून माझं काम करायला बसला आहात.

एक मुलगी सांगते. जावळी तालुक्यातल्या शाळेत चौथीत होती. हातच्याची वजाबाकी तिला काही केल्या यायची नाही. पन्नास वजा बत्तीस दिलं की ती बावीस लिहायची. शून्यातून दोन जात नाहीत म्हणून दोनातून शून्य काढायची आणि मोकळी व्हायची. मी चार वेळा समजावलं, पाचव्यांदा रागावले. मग एकदा आठवडी बाजारात ती मला दिसली. आईशेजारी पोत्यावर बसून भाजी विकत होती. कुणीतरी बत्तीस रुपयांची भाजी घेऊन पन्नासची नोट दिली. पोरीने क्षणभरही विचार केला नाही. ‘बत्तीस’ म्हणत एकेक रुपयाची तीन नाणी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली, ‘तेहेतीस, चौतीस, पस्तीस’. पाचाचं नाणं ठेवलं, ‘चाळीस’. दहाची नोट ठेवली, ‘पन्नास’. झाले अठरा. मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. जी वजाबाकी तिला येत नाही असं मी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, ती तिला माझ्यापेक्षा चांगली येत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात पाट मांडला, त्यावर पाला ठेवला, कागदाच्या नोटा केल्या आणि तिला दुकानदार केलं. वजाबाकी त्या वर्षी सगळा वर्ग तिच्याकडून शिकला.

बाजारात तिची गरज होती. ती चुकली असती तर आईचे पैसे गेले असते. वर्कशीट चुकली तर कुणाचं काय जातं? तुमच्या मुलीलाही असं एखादं काम द्या, जे तिने केलं नाही तर घराचं खरोखर अडेल.

दुधापासून सुरुवात करा. भिंतीवर कॅलेंडर असेलच. रोज सकाळी किती दूध आलं ते त्या दिवसाच्या चौकोनात तिने लिहायचं. आलं नाही तर फुली, पाहुणे आले म्हणून जास्त घेतलं तर तो आकडा. महिनाअखेरीला बेरीज तिचीच. ३० दिवस रोज एक लिटर, दोन दिवस खाडा, तीन दिवस दोन-दोन लिटर, म्हणजे किती? बोटं मोजू द्या, रेघा मारू द्या. ३१ येईपर्यंत थांबा. हिशोब तिच्याबरोबर बसून तपासा, पण तिच्या मागे स्वतःची वेगळी नोंद ठेवू नका. तिला ते कळतं, आणि कळलं की त्या कामातली गंमत संपते. दूधवाल्यासमोर पैसे तिच्या हातून जाऊ द्या. आमच्या शेजारच्या तिसरीतल्या मुलीने एकदा दूधवाल्याला कॅलेंडर दाखवून दोन लिटरचा फरक समजावला होता. त्या दिवशी ती केवढी ताठ चालत होती!

संचांचं म्हणाल तर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची तयार साधनं त्या गावातल्या मुलांसाठी परवडण्याजोगी नव्हती. त्यांनी दगडगोटे, शिंपले, बिया, पानं वापरली. मुलं वस्तीतून येईनात, तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. ते आठवलं की महागड्या खोक्यांपेक्षा घरातल्या डब्यांवर माझा विश्वास वाढतो. चिंचोके आहेत, शेंगदाणे आहेत. ठिपक्यांची रांगोळी आहे: सात ते चार काढताना चार, पाच, सहा, सात, पुन्हा सहा, पाच, चार. एकूण ठिपके किती, ते काढण्याआधी ओळखायला सांगा. ३७ येतात. मग पाच ते तीनला किती, हे ती आपणहून विचारेल. चल्लस-आठ खेळा. चार कवड्यांनी घरं मोजताना मूल बेरजेत कधी शिरतं ते त्यालाही कळत नाही.

शुद्धलेखनासाठी किराण्याची यादी तिला लिहू द्या. ‘हिंग’ आणि ‘मूग’ चुकले तरी दुकानात जाऊन ती यादी तिनेच वाचायची. दुकानदाराला वाचता आलं नाही की आपलं अक्षर कसं आहे ते तिला समजतं. तुम्हाला ओरडावं लागत नाही.

प्रश्न : मुलगा तिसरीत. दुकानदाराने चुकून २० रुपये जास्त परत दिले, ते याने ठेवून घेतले आणि चॉकलेटं खाल्ली. कळल्यावर मी त्याला मारलं. आता तो माझ्याशी बोलत नाही. शाळेत परिपाठात रोज सुविचार, बोधकथा होतात, तरी असं का? घरी मूल्यं कशी शिकवायची?
— एक वडील, नांदेड

दादा, आधी मुलाजवळ बसा आणि मारलं ते चुकलं असं त्याला सांगा. बापाने चूक कबूल केली तर पोर डोक्यावर बसतं असं वाटत असेल, पण तसं होत नाही. चूक कबूल कशी करतात ते त्याने आजवर पाहिलेलं नाही, ते तो तुमच्याकडूनच पाहील.

मग दोघं मिळून दुकानात जा. दुकानदाराशी पहिलं वाक्य तुम्ही बोला, ‘परवा आमच्याकडे वीस रुपये जास्त आले होते.’ पैसे त्याच्या हातून द्या. हे वीस रुपये तुम्ही त्याला उसने दिलेत असं ठरवा आणि त्याच्या खाऊच्या पैशांतून हळूहळू वळते करा. दुकानात गर्दी असेल तर थांबा. चारचौघांत त्याची मान खाली जाऊ देऊ नका.

परिपाठाबद्दल लिहिलंत म्हणून मनातली एक गोष्ट सांगते. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. माझा मुलगा पाच पूर्ण करून सहाव्यात होता. एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. आम्ही साताऱ्याला निघालो होतो. महिनाअखेर होती. कंडक्टरने विचारलं, ‘किती वर्षांचा?’ मी म्हणाले, ‘पाच व्हायचीत अजून.’ त्या दिवशी सकाळीच परिपाठात मी खरं बोलण्याची बोधकथा सांगून आले होते. स्टँडवर उतरल्यावर त्याने माझा हात धरला आणि विचारलं, ‘आई, माझा वाढदिवस तर झाला ना?’ त्याला खरोखरच कळत नव्हतं. आपण मोठे झालो याचा त्याला किती आनंद झाला होता, आणि आईनेच ते खोटं ठरवलं.

परतीच्या गाडीत कंडक्टरने विचारायच्या आत मी म्हणाले, ‘एक फुल, एक हाफ.’ आणि त्याला सांगितलं की सकाळी मी खोटं बोलले. तो काही बोलला नाही, पण ते हाफ तिकीट त्याने पुढे कितीतरी दिवस दप्तरात जपून ठेवलं.

म्हणून मी तुम्हाला सुविचारांचे तक्ते लावायला सांगणार नाही. पुढचा महिनाभर तुमचंच बोलणं ऐका. नको असलेला फोन आला की ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असं त्याला सांगता का? शाळेला एक दिवस दांडी मारून लग्नाला गेलात, तर चिठ्ठीत ‘ताप होता’ लिहिता का? बाईंना ‘लग्नाला गेलो होतो’ असंच लिहा. मी अशा चिठ्ठ्या वाचल्या आहेत आणि त्या मुलांवर कधी रागावले नाही.

प्रश्न : नातू इंग्रजी माध्यमात पहिलीत आहे. त्याला एकोणसाठ, त्रेसष्ट काहीच कळत नाही. सून म्हणते, दोन्ही भाषांतले आकडे सांगून त्याचा गोंधळ करू नका. मला सवायकी, दिडकी (सव्वाचे, दीडचे पाढे) पाठ आहे. शिकवू की नको?
— एक आजी, बेळगाव

आजी, तुम्ही शिकवाच. सूनबाईंचंही खोटं नाही, आपले आकडे लहान मुलाला खरोखर जड जातात. ‘त्रेसष्ट’मध्ये कानावर आधी तीन पडतात, मग साठ, म्हणून पोर ३६ लिहून ठेवतं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे कुणी उलगडून सांगत नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच चाल, नव्याण्णव तेवढं वेगळं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला होता. मला स्वतःला ती पायरी आवडली होती. आधी ‘साठ तीन’ म्हणून संख्या कळू द्यावी आणि मग त्रेसष्ट हे तिचं घरातलं नाव सांगावं. नातवाला तसंच सांगा, रोज एक. जिना चढताना, तुमच्या गोळ्या मोजताना.

तुमच्याकडे एक वेगळी ठेव आहे. दीड, अडीच, सव्वा, पाऊण, साडेतीन हे शब्द त्याच्या शाळेत त्याला मिळणार नाहीत. अपूर्णांक पुस्तकात येईपर्यंत तो मोठा होईल, पण पाव किलो रवा आणि पाऊण वाटी साखर त्याला आजच कळू शकते. तराजू नसेल तर वाटी घ्या. चार पाव वाट्या ओतल्या की एक वाटी भरते, हे त्याला स्वतःच्या हाताने करू द्या. मग सांगा, ‘दोन सव्वे अडीच, तीन सव्वे पावणेचार, चार सव्वे पाच.’ लगेच पाठ करायला लावू नका. तुम्ही भाजी निवडताना नुसतं म्हणत राहा. शिरा त्याने मोजून दिलेल्या रव्याचा करा आणि सुनेलाही खायला घाला, म्हणजे तिच्याशी वेगळं भांडायला नको.

प्रश्न : घरकाम केल्यावर मुलांना पाच-दहा रुपये द्यावेत का? आणि मुलगा म्हणतो, ताट उचलणं हे ताईचं काम आहे.
— एक आई, अकोला

पैसे देऊ नका. ज्या घरात आपण जेवतो त्या घराचं काम मजुरीचं नसतं. एकदा दर ठरला की पुढच्या वेळी पोर विचारणारच, ‘किती देणार?’ खाऊचे पैसे वेगळे द्या, कामाशी त्यांचा संबंध नको.

ताटाचं मात्र आजच मिटवा. मुलगा ताट उचलत नाही, कारण घरातल्या मोठ्या पुरुषांची ताटं कुणीतरी उचलतं. त्याला काही सांगण्याआधी त्याच्या वडिलांशी बोला.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी पोचायला आठ वाजतात. मुलगी पहिलीत. हे सगळं कधी करायचं?
— एक आई, डोंबिवली

वेगळा वेळ काढूच नका. आठ ते साडेनऊमध्ये तुम्ही जे करता त्यातच तिला घ्या. वाळलेले कपडे आले की मोज्यांच्या जोड्या तिने लावायच्या, नॅपकिनची घडी तिने घालायची. अर्धी, मग त्याची अर्धी, उलगडल्यावर चौकोन किती झाले ते मोजायचं. पानं घेताना ताटं किती, वाट्या किती, आज पाहुणे आहेत तर किती जास्त, हे तिला विचारा. मेथी निवडायला बसली तर हळू निवडेल, अर्धी पानं देठातच राहतील. राहू द्या, भाजी होते.

झोपताना दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. दुसरी खोली नसेल तर स्वयंपाकाच्या ओट्यावर, डब्याच्या मागे ठेवा. वाचताना तुम्हाला झोप आली तर तिला सांगा, ‘पुढचं तू वाच.’ पहिलीतलं मूल अडखळत वाचतं. एखाद्या जोडाक्षरावर थांबेल. लगेच सांगू नका, डोळे मिटून पडून राहा. ती काढेल ते अक्षर.