फाटका की फाडलेला?

प्रश्न असा आला आहे: न्यूयॉर्कचा, पंक या बंडखोर रॉक संगीताचा सुरुवातीचा गायक रिचर्ड हेल याच्याविषयी मराठीत लिहिताना त्याचा टी-शर्ट ‘फाटका’ म्हणावा की ‘फाडलेला’?

माझं मत स्पष्ट आहे: ‘फाडलेला’.

फाटणं-फाडणं, तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं या जोड्यांत पहिलं आपोआप घडतं, दुसऱ्यामागे कुणाचा तरी हात असतो. आभाळ फाटतं, ते कुणी फाडत नाही. कापड वापरून वापरून विरतं, काखेत शिवण उसवते, आणि एक दिवस पिळताना टर्रकन फाटतं. ‘फाटका’ या शब्दात ही सगळी झीज आहे, आणि गरिबीही. ‘फाटका माणूस’ म्हणतो तेव्हा तर कपड्यांचा विषयही नसतो.

हेलचं तसं नव्हतं. १९७४ मध्ये तो ‘टेलिव्हिजन’ या बँडबरोबर सीबीजीबी या क्लबात बेस वाजवत गाऊ लागला, तेव्हा रॉकमध्ये झगमगीत कपड्यांची आणि उंच टाचांच्या बुटांची चलती होती. याने केस वेडेवाकडे कापून उभे ठेवले, शर्ट फाडले, सेफ्टी पिनांनी सांधले. मॅल्कम मॅक्लारेनने न्यूयॉर्कमध्ये हे रूप पाहिलं आणि लंडनला किंग्ज रोडवरच्या, फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुडबरोबर चालवलेल्या कपड्यांच्या दुकानात नेलं. पुढे तो व्यवस्थापक असलेल्या ‘सेक्स पिस्टल्स’ या लंडनच्या पंक बँडमुळे ते जगभर गेलं.

मात्र त्याच बँडचा गायक जॉनी रॉटन सांगत आला आहे की पिना त्याने गरजेपोटी लावल्या, कपडे खरंच अंगावरून गळत होते म्हणून. म्हणजे त्याच्यासाठी ‘फाटका’च बरोबर! हे रूप आधी कुणाचं, या वादातला खरा फरक मराठी एका अक्षरात दाखवते, याचा मला फार आनंद वाटतो.

दुकानातून आणलेल्या जीन्सलाही आपण घरोघरी ‘फाटकी’च म्हणतो. ते आता रुळलं आहे, बदलायला नको. हेलच्या बाबतीत मात्र कर्ता पुसू नये.

सेफ्टी पिनेला प्रतिशब्द शोधू नका, पण क्रियापद ‘सांधलेला’ घ्या, ‘शिवलेला’ नको. ठिगळ भोक झाकतं. पिन ते उघडं ठेवते आणि वर स्वतः चकाकते.